दोन बोटं, बारीक

३ फेब्रुवारी

मौनीबाईस,

आशीर्वाद गृहीत धर. ते लिहीत बसले तर बोलायला जागा उरत नाही.

तुझं पत्र आलं. 'मी बरी आहे. थंडी आहे. काळजी नसावी.' एवढ्यासाठी तिकडून विमान उडालं! आपल्या पोस्टमननं पाकीट उजेडात धरून बघितलं आणि माझ्या कानाशी ओरडला, "आजी, आतलं वाटेत सांडलं की काय?"

तुझी आई ओट्यावर भांडी आपटतेय. तुझा फोन तिनं घेतला होता. काय झालं म्हटलं तर म्हणे काही नाही. काही नसताना बाई पातेलं एवढं आपटत नाही. शेवटी माझ्या कानाशी येऊन ओरडली तेव्हा कळलं की इंग्रजी बोलायच्या परीक्षेत तू पुन्हा आपटलीस. लिहिण्यात पास, वाचण्यात पास, ऐकण्यात पास आणि बोलण्यात नापास. आता एकदाच बसता येणार. त्यात गेलीस तर तिकडचा वृद्धाश्रम तुला नर्स करणार नाही, परत धाडणार. खरं का? आणि खरं असेल तर पत्रात का नाही? थंडी तेवढी आहे.

फोन मला देऊ नका म्हणून मीच सांगितलंय. त्यात नुसतं घूं घूं ऐकू येतं. एवढी वर्षं पिठाच्या गिरणीत उभी राहिले, माझे कानही त्यातच दळले गेले. तेव्हा तू लिही. चौथी झालीय माझी, वाचता येतं. अक्षर मोठं काढ.

आता औषध सांगते. भाषा पुस्तकानं येत नाही, भांडणानं येते. मी सून म्हणून या घरात आले तेव्हा इथल्या बायकांचं बोलणं मला निम्मं कळायचं नाही. खाली मान घालून सहा महिने काढले, एक शब्द आला नाही. मग एकदा नळावर माझी बादली कुणीतरी सरकवली. त्या सकाळी जेवढं शिकले तेवढं चौथीपर्यंत शिकले नव्हते.

तिकडे कुणीतरी भांडायला शोध.

आजी

२० फेब्रुवारी

ती. आजीस नमस्कार.

खरं आहे. तू काय म्हणशील ते माहीत होतं, म्हणून लिहिलं नाही.

परीक्षेची खोली अगदी लहान असते. एक टेबल, दोन खुर्च्या आणि बोलणं टिपून घेणारं यंत्र. समोरचा माणूस चांगला होता. म्हणाला, तुमच्या घराबद्दल सांगा. मी म्हटलं, आमचं घर लहान आहे, पण चांगलं आहे. तो थांबला. मीही थांबले. तो हसून म्हणाला, आणखी सांगा. आजी, परक्या माणसाला घरातलं आणखी काय सांगायचं? मी म्हटलं, खूप चांगलं आहे. निकालात लिहून आलं की भाषा शुद्ध आहे, पण बोलणं फार थोडं.

आपल्याकडे बोलायची वेळच कधी आली? गिरणीच्या आवाजात आपण बोटांनीच बोलायचो. एक बोट म्हणजे जाडं, दोन बोटं म्हणजे बारीक, उघडा पंजा म्हणजे थांब, पट्टा काढ. घरी आल्यावरही तसंच. भात आणखी हवा असला तरी मी एक बोट दाखवायची आणि तू वाढायचीस.

भांडायला इथं कुणी नाही. खोलीतली दुसरी मुलगी भलत्याच देशातली आहे, तिचं इंग्रजी माझ्यासारखंच. ती सकाळच्या पाळीला, मी दुपारच्या. आमची ओळख एकमेकींच्या ओल्या टॉवेलांशी. घरमालकीण जिन्यात भेटली की 'बरी आहेस ना?' विचारते आणि उत्तर येईपर्यंत खालच्या मजल्यावर पोचलेली असते. इथले लोक भांडत नाहीत. रागावले की आणखी गोड बोलतात.

आश्रमात एक खिडकीवाली बाई आहे. दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसून असते. जेवणाचं ताट सरळ ढकलून देते. तिच्या खोलीत जायला कुणी तयार नसतं, म्हणून मला पाठवतात. मी तक्रार करत नाही ना.

पाय फार दुखतात. ज्या दिवशी सकाळी इंग्रजीचा क्लास असतो त्या दिवशी बाकावरच डोळे मिटतात. कधी वाटतं, झाले नापास तर सुटले. येईन परत, गिरणी बघीन.

तुझी नात

९ मार्च

मौनीबाईस,

गिरणी बघीन म्हणे. गिरणीला बघायला मी मेलेली नाही.

आणि भांडायला कुणी नाही काय? देवानं समोर आणून बसवलंय आणि तू टॉवेलांशी ओळखी करतेस. त्या खिडकीवालीशी भांड. म्हातारी, खाष्ट आणि ताट ढकलणारी! अशी बाई मला मिळाली असती तर मी आतापर्यंत तीन भाषा शिकले असते.

तुला सुरुवात जमायची नाही, म्हणून मी करून देते. तिला म्हणावं, माझ्या आजीनं निरोप धाडलाय. ताट ढकलायला ज्या हातात जोर आहे, त्या हाताला घास उचलायला काय धाड भरली? आम्ही इथं दाणा दाणा झाडून पीठ करतो, आणि तू शिजलेलं अन्न लोटतेस? वयानं मोठी असशील, पण अकलेनं अजून पाळण्यात आहेस.

हे सगळं इंग्रजीत कर. मऊ करू नकोस. तू मऊ करतेस, मला माहीत आहे. आणि ती काय म्हणाली ते शब्द न गाळता मराठीत लिही. 'ती बरी आहे' असं पत्र आलं तर न फोडता परत धाडीन.

तुझ्या बापाला विचारलं पोरीला काही लिहायचंय का. तो म्हणाला, माझाही आशीर्वाद कळव. हा बघ, तोंड उघडायला लागू नये म्हणून माझ्या आशीर्वादाला आपला जोडतो. घराणंच असलं.

आजी

२९ मार्च

ती. आजीस नमस्कार.

तुझा निरोप इंग्रजीत करता करता सुट्टीची अख्खी दुपार गेली. अडलं तेव्हा क्लासच्या बाईंना जाऊन विचारलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसांशी आपण असं बोलत नाही. मी म्हटलं, तुम्ही नसाल बोलत, पण माझी आजी बोलते आणि मला तेच पोचवायचंय. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. त्या वर्गात इतकं लांब मी पहिल्यांदाच बोलले असेन.

मग खिडकीवाल्या बाईसमोर स्टूल घेऊन बसले आणि मोठ्यानं म्हणून दाखवलं. ती डाव्या हातानं ताट ढकलायच्या बेतात होती. उजवा हात तिच्या मांडीवर नुसता पडून असतो, तो मीच उचलून उशीवर ठेवते. ऐकता ऐकता डावा हात तिथेच थांबला.

तिचं उत्तर असं : 'तुझ्या आजीला सांग, आधी इथलं जेवण एकदा चाखून बघ, मग घासाच्या गोष्टी कर. पिठात पाणी ढवळून त्याला सूप म्हणतात. आणि पीठच करायचं होतं तर स्वतःच्या नातीला का नाही शिकवलं? लोकांची अंथरुणं बदलायला पोरगी समुद्रापलीकडे धाडली आणि स्वतः तिथे बसून निरोप धाडतेय.'

असं म्हणाली ती. मी फक्त लिहून कळवतेय.

तिला दिवसातून तीनदा केस विंचरून हवे असतात. पांढरेशुभ्र आणि लांब आहेत, अगदी कमरेपर्यंत. त्या दिवशी तिनं अर्धी वाटी सूप घेतलं.

तुझी नात

१६ एप्रिल

मौनीबाईस,

बाईला तोंड आहे म्हणायचं! बरं वाटलं. हल्ली माझ्याशी कुणी धड भांडत नाही. तुझी आई तेवढी आहे, पण तिला कानाशी येऊन भांडावं लागतं, तोवर तिचा राग ओसरतो.

तिला हे सांग. सूप पांचट असेल तर मीठ माग. तोंड माझ्याशी चालतं, मग स्वयंपाक्याशी चालवायला काय झालं? नातीला धाडलं कारण तिला दोन कान आहेत आणि ते शाबूत राहावेत असं मला वाटलं. गिरणीत ठेवली असती तर चाळिशीत माझ्यासारखी भिंतीशी बोलत बसली असती. शिवाय आता दळण आहे कुठं? लोक पुडीतलं पीठ आणतात. सकाळी चार डबे आले तर मी गिरणीला हळदकुंकू वाहते.

आणि केसांचं काय लावलंयस? पिकल्या केसांना तीनदा फणी! माझ्या नातीचे हात काय फणी धरायला शिकलेत? म्हणावं, सरणावर कुणी भांग बघत नाही.

माझे गुडघे आता पायरी दिसली की आधीच कुरकुरतात. हे तिला सांगू नकोस.

आजी

८ मे

ती. आजीस,

तुझा निरोप सांगितला. बाई फार चिडली. तिचं बोलणं जसंच्या तसं लिहिते, मऊ न करता. तूच म्हणाली होतीस.

'केसांवर बोलणारी ही कोण? शाळकरी नातीची वेणी दळणाच्या गर्दीत सगळ्यांसमोर कात्रीनं कचकन कापली ती हीच ना? कापली ती कापली, वर म्हणाली, चला, डोकं हलकं झालं. पोरीनं कितीतरी दिवस शाळेत डोक्याला रुमाल बांधला. मुली विचारायच्या काय झालं. काय सांगणार? घरात कुणी कधी काही सांगितलंच नव्हतं, तर तिला सांगता कसं येणार? आणि मग हीच म्हातारी विचारते, परीक्षेत तोंड का उघडत नाहीस!

'नात परदेशी निघाली त्या सकाळी दारात सगळे होते. आई रडत होती, बाप बॅगेचा पट्टा उगाच घट्ट करत होता, पोस्टमनसुद्धा सायकल लावून उभा होता. आजी नव्हती. गाडी आली, हॉर्न वाजला, तरी नाही. पलीकडे गिरणी चालूच. पोरगी गाडीत बसेपर्यंत मागे बघत होती. आणि ती गिरणी रिकामी होती! दाणे असले की आवाज भरीव येतो. रिकामी असली की दगडावर दगड किंचाळतो. गिरणीवाल्यांची पोर आहे ती, तिला काय कळत नाही? रिकामी चालवली तर दगड मरतात म्हणून जिनं लहानपणी बोटांवर पट्टी मारली, तिनंच त्या सकाळी रिकामी का चालवली? शेजारीच तर दार. चार पावलं यायला काय झालं होतं?'

असं ती म्हणाली.

परीक्षा वीस जूनला आहे. तिला काय उत्तर देऊ ते कळव.

२५ मे

मौनीबाई,

आता त्या बाईला मध्ये घेऊ नकोस. तिला बोलता येत नाही.

मला तेव्हाच कळलं, जेव्हा तू लिहिलंस की उजवा हात मांडीवर पडून असतो. तुझ्या आजोबांचा तसाच होता. उजवं अंग गेलं त्या दिवशी त्यांचं बोलणंही गेलं आणि पुढे सगळं बोटांवरच चाललं. तू तेव्हा त्यांना भरवायचीस. दोन बोटं दाखवली की भात आणखी बारीक कालवायचीस. मी म्हटलं, चालू दे. पोरगी दुसऱ्याच्या तोंडानं का होईना, बोलतेय ना.

रागावलेली नाही. उलट पोस्टमननं पाकीट हातावर तोलून म्हटलं, "आजी, आज आत माल आहे." माल होताच.

तू विचारलंस, म्हणून सांगते. वेणी गिरणीच्या फिरत्या पट्ट्यापासून वीतभर होती. तू खाली वाकून सांडलेले गहू गोळा करत होतीस. त्या आवाजात ओरडले असते तर तू मागे वळून बघितलं असतंस आणि वळताना वेणी गेली असती. वेणीमागून डोकं. हाताशी पोती फोडायची कात्री होती. आजही तशी वेळ आली तर कापीन आणि तेच बोलीन. डोकं मानेवर आहे, म्हणूनच आज माझ्याशी भांडतेय.

गिरणी रिकामी होती. बरोबर ओळखलंस. गिरणी चालू असली की माझ्याशी कुणी बोलायला येत नाही आणि माझ्या तोंडाकडे कुणी बघत नाही. मला थोडंफार ऐकू येतं अजून, हॉर्नएवढं. तो ऐकायचा नव्हता. बाकी काही नाही. दगड मात्र गेले. टाकी लावणाऱ्याला बोलवून दोन्ही गुळगुळीत दगडांवर छिन्नीनं नव्यानं टाकी घालून घेतली. तो म्हणाला, "आजी, या वयात गिरणी चालवायला विसरलात?" मी म्हटलं, "हो."

तुझ्या आईला हे वाचून दाखवू नकोस फोनवर.

आता परीक्षेचं. हे सगळं मला लिहायच्या आधी त्या बाईसमोर इंग्रजीत बोलली असशील, दोन्ही बाजूंनी. मग त्या परीक्षेवाल्याला काय भितेस? त्यानं घराबद्दल विचारलं तर लहान आहे, चांगलं आहे असलं मिळमिळीत सांगू नकोस. त्याला सांग, माझी आजी वाईट आहे, आणि कशी ते सांग. पुरेल तुला. त्यानं पंजा दाखवल्याशिवाय थांबू नकोस.

आणि थकलीस म्हणून परत येणार असशील तर येऊ नकोस. थकायला इथंही भरपूर जागा आहे, आणि ती सगळी मी अडवलीय.

आजी

५ जुलै

ती. आजीस नमस्कार.

पास झाले.

आधी बाईचं सांगते. तू ओळखलंस तसंच आहे. तिचं तोंड एका बाजूनं वाकडं आहे, त्यातून नुसता आवाज येतो. पहिल्या दिवशी तुझा निरोप वाचला तेव्हा मी घाबरले होते. पण तिनं ऐकलं आणि उरलेल्या अर्ध्या तोंडानं हसली. इतके महिने सगळे तिच्याशी लहान बाळाशी बोलावं तसं बोलत होते. तिला कुणी घालूनपाडून बोललंच नव्हतं.

मग मी तिला आपल्या खुणा शिकवल्या. फणी जोरात हवी तर एक बोट, हलकी हवी तर दोन. रोज तुझी बाजू मांडायची आणि मग तिची बाजू मीच तिच्या वतीनं बोलायची. वाक्य ओबडधोबड झालं की ती एक बोट दाखवायची. जाडं झालं, पुन्हा दळ. मी पुन्हा बोलायची. नीट जमलं की दोन बोटं. वेणीचं मी किती वेळा दळलं असेन, सांगता येणार नाही. गिरणीचं बोलत होते तेव्हा तिनं एकदाही बोट उचललं नाही. डाव्या हातानं माझं मनगट धरून ठेवलं होतं.

परीक्षेला तोच माणूस. त्यानं घराचं विचारलंच नाही. म्हणाला, ज्याच्याशी तुमचं पटत नाही अशा एखाद्या माणसाबद्दल सांगा. आजी, मला हसूच आलं. मी सुरू झाले. नळावरच्या बादलीपासून सुरू केलं. कात्री आली, पोस्टमन आला. मध्ये त्यानं काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण मी थांबले नाही. शेवटी त्यानं पंजा वर केला. मी झटकन गप्प झाले, पट्टा काढल्यासारखी. तो बघतच राहिला. मग यंत्र बंद करून म्हणाला, हे परीक्षेत धरणार नाही, पण त्या गिरणीचं पुढे काय झालं?

पुढच्या महिन्यापासून नर्स म्हणून लागेन. दोन वर्षं लांब सुट्टी मिळणार नाही, तसं लिहून द्यावं लागलं. थकवा गेलेला नाही. पूर्वी गप्प राहून थकायची, आता बोलून थकते.

बाईला पास झाल्याचं सांगितलं तेव्हा तिनं दोन बोटं दाखवली. आणि मग ताट ढकललं.

तुला आनंद झाला का?

तुझी नात

२२ जुलै

मौनीबाई,

आता हे नाव बदलायला हवं. पण नवं शोधत बसायला मला वेळ नाही.

पत्र पोचलं. तुझ्या आईनं गल्लीभर सांगितलं. आल्यागेल्यानं माझ्यासमोर तोंडं हलवली, मी माना हलवल्या. तुझा बाप दोन वाक्यं बोलला. दुसरं मला ऐकू आलं नाही, पण बोलला एवढं खरं.

त्या परीक्षेवाल्याला म्हणावं, गिरणी आहे अजून.

खिडकीवालीला सांग, ताट ढकललं तर याद राख. हे इंग्रजीत कसं करायचं ते आता माझ्याकडे मागू नकोस.

आनंदाचं विचारलंस. दुपारी गिरणी थोडा वेळ चालवली. दळण कुणाचंच नव्हतं. टाकी लावणाऱ्याला निरोप धाडलाय. येईल तेव्हा शिव्या घालील, पुन्हा तेच केलंत म्हणून. घालू दे. मला कुठं ऐकू येतंय.

आजी